टेनिस एल्बो

कोपराच्या बाहेरच्या अंगाचे चिवट दुखणे. प्रौढांच्या कोपरदुखीचे हे नेहमीचे कारण. बहुधा पस्तिशी-चाळिशीनंतर आणि कामाच्या हाताला होते. रुग्णांत टेनिस खेळणारे थोडेच, सुतार, प्लंबर, रंगारी, आचारी आणि रोज बादलीभर धुणे पिळणारे पुष्कळ. महाराष्ट्रात हे नाव घरोघरी पोचले ते सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपरामुळे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या दुखण्यावर मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा काढल्या.

मनगट वर उचलणारे स्नायू दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, बाहेरच्या उंचवट्याला कंडरेने जोडलेले असतात. वस्तू घट्ट धरताना मनगट स्थिर ठेवायचा भार या कंडरेवर पडतो. झीज भरून निघण्याआधीच पुन्हा ताण पडत राहिला, की तिचे तंतू विस्कटतात. पूर्वी हा दाह मानला जाई. पण जुन्या दुखण्यात सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या पेशी फारशा दिसत नाहीत, दिसते ती झीज. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी हे दुखणे मुळातून जात नाही ते यामुळेच.

भरलेला तांब्या उचलताना, किल्ली फिरवताना, हस्तांदोलन करताना कळ येते. कोपर सरळ ठेवून, मूठ वळून मनगट वर उचलायचे आणि दुसऱ्याने ते खाली दाबायचे. उंचवट्यापाशी कळ आली तर निदान जवळजवळ पक्के. एक्स-रेची गरज क्वचितच लागते.

आतल्या अंगाला दुखत असेल तर तो गोल्फर्स एल्बो. करंगळी व अनामिकेला मुंग्या येत असतील तर नस दबल्याचा संशय घ्यावा. कोपराच्या टोकावर मऊ फुगवटा आला तर तेथील द्रवाच्या पिशवीला सूज असते.

बहुतेकांचे दुखणे वर्षभरात ओसरते. हात गळ्यात बांधून ठेवू नये. कळ आणणारे काम तेवढे कमी करावे आणि वजन तळहात वर करून उचलावे. मुख्य उपचार व्यायामाचा. हात टेबलावर पालथा ठेवून मनगट कडेबाहेर सोडायचे, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरायची, दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यायचे आणि आधार सोडून सावकाश खाली आणायचे. असे दहा-पंधरा वेळा, रोज, दोन-तीन महिने. थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले तर वजन घटवावे. कोपराखाली बांधायच्या पट्ट्याने काम करताना काहींना आराम पडतो. स्टेरॉइडचे इंजेक्शन पहिले काही आठवडे जादू केल्यासारखे वाटते, मात्र वर्षअखेरीस ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचे चाचण्यांत दिसले आहे. तेव्हा त्याची घाई नको. जोरकस मालिशही टाळावी. सहा महिने ते वर्षभर उपाय करूनही गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

पडल्यावर कोपर वाकडे दिसणे, सरळ न होणे, किंवा सांधा लाल व गरम होऊन ताप येणे, ही टेनिस एल्बोची लक्षणे नव्हेत. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.