‘मध्यरात्रीच्या सुमारास’
बायबलच्या निर्गम या पुस्तकात एकाच रात्रीचा उल्लेख दोन तऱ्हांनी येतो. अकराव्या अध्यायात मोशे सांगतो की देव ‘मध्यरात्रीच्या सुमारास’ मिसर (इजिप्त) देशातून फिरेल आणि तिथले सगळे प्रथमजन्मलेले मरतील. बाराव्या अध्यायात ती घटना घडते, तेव्हा मात्र शब्द आहे ‘मध्यरात्री’. मूळ हिब्रूत शब्दाचं रूपही थोडं बदलतं, पण अर्थाचा फरक सुरुवातीच्या एका अक्षराचा आहे: आधी ‘क’ हा उपसर्ग, म्हणजे सुमारास, नंतर ‘ब’, म्हणजे नेमकं त्या वेळी. मला हे एक अक्षर फार मोलाचं वाटतं, कारण काळ मोजण्यातली खरी अडचण त्यात पकडली आहे.

सूर्योदय दिसतो, सूर्यास्त दिसतो. भरदुपारी सावली सगळ्यात आखूड होते. मध्यरात्रीला अशी कुठलीच खूण नाही. ती मोजूनच काढावी लागते.

प्राचीन इस्राएलात रात्रीचे तीन पहारे असत. बायबलच्याच शास्ते या पुस्तकात गिदोन हा इस्राएली सेनानी आपल्या तीनशे माणसांसह मिद्यानी छावणीवर चालून जातो तो मधला पहारा सुरू होताना, पहारेकरी नुकतेच बदललेले असताना. या पद्धतीत मध्यरात्र मधल्या पहाऱ्याच्या पोटात दडलेली असते. पुढे रोमन काळात चार पहारे आले. मार्कच्या शुभवर्तमानात संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि सकाळ अशी चारही नावं ओळीने येतात. मराठी बायबलने यासाठी आपला ‘प्रहर’ घेतला आणि तो चपखल बसला.

मिसरमध्ये पाण्याचं घड्याळ होतं. कर्नाकला १९०४ मध्ये सापडलेलं पात्र तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळचं, इसवीसनपूर्व चौदाव्या शतकातलं. तळाजवळच्या भोकातून पाणी ठिबकायचं आणि आतली पातळी पाहून रात्रीचा तास कळायचा. आतल्या बाजूला खुणांच्या बारा वेगवेगळ्या ओळी आहेत, एकेका महिन्याला एक. रात्रीचे तास कायम बाराच, पण हिवाळ्यात रात्र लांबते, म्हणून तासही लांबायचा!

पण निर्गमातल्या त्या रात्री पाण्याच्या घड्याळाचीही गरज नव्हती. वल्हांडणाचं, म्हणजे त्या रात्रीच्या यहुदी सणाचं, कोकरू पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी कापायचं होतं. हिब्रू महिना तेव्हा चंद्रकोर दिसल्यावर सुरू होत असे, म्हणजे ही रात्र पौर्णिमेची किंवा तिच्या अगदी लगतची. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य मावळताना तो उगवतो, सूर्य उगवताना मावळतो आणि मध्यरात्री आकाशातल्या आपल्या सर्वोच्च जागी असतो. मिसरमधून पाहिलं तर थेट दक्षिणेला, बराच उंच. कोजागरीला दुधात चंद्र पाहणाऱ्यांना हे ठाऊक आहे. मुंबईत तो बाराच्या ठोक्याला माथ्यावर येत नाही, एवढंच. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि मुंबई जवळजवळ दहा अंश पश्चिमेला, त्यामुळे तिथली खरी मध्यरात्र सरासरी ३८ मिनिटं उशिरा होते.

आता चंद्राच्या या घड्याळातली चूक बघा. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमा एक दिवस पुढेमागे झाली, तर चंद्र पाहून ठरवलेली मध्यरात्रही पाऊण-एक तासाने चुकते. उघड्या डोळ्यांनी वर पाहणारा प्रामाणिक माणूस ‘सुमारास’च म्हणेल.

तालमूद या यहुदी ग्रंथातल्या रब्बींनीही, म्हणजे धर्मगुरूंनीही, यावर खल केला आहे. स्तोत्र ११९ मध्ये कवी म्हणतो, मी मध्यरात्री उठून तुझे आभार मानीन. रब्बींच्या मते हा कवी म्हणजे दावीद राजा. मग दावीदला मध्यरात्र कळायची कशी? उत्तर असं दिलंय: त्याच्या बिछान्यावर वीणा टांगलेली असे, मध्यरात्री उत्तरेचा वारा सुटून तारा आपोआप वाजत. आणि मोशेला नेमकी वेळ ठाऊक असूनही तो ‘सुमारास’ का म्हणाला? कारण मोजण्यात चूक फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, ज्योतिष्यांची झाली असती, आणि खोटा मोशे ठरला असता.