ओल्या थराची दोन-चार मिनिटं

छोट्या मोटारीच्या मॉडेलवर मन लावून रंग चढवायचा, शेवटी एअरब्रशने, म्हणजे रंग फवारणाऱ्या पेनासारख्या छोट्या यंत्राने, ग्लॉस क्लिअर कोट (चकाकणारा पारदर्शक थर) मारायचा आणि वाळल्यावर पाहावं तर टपावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड! असं झालं की बरेच जण क्लिअरची बाटली बदलतात. ‘नॅनो’, ‘सिरॅमिक’ असं छापलेली महागडी बाटली येते आणि पाठोपाठ तीच सालही येते. मला याची फार हळहळ वाटते, कारण दोष बहुतेक वेळा बाटलीत नसतोच.

ग्लॉस क्लिअरमध्ये चकाकणारं असं काही घातलेलं नसतं. उलट मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, वार्निशमध्येच सिलिकाची बारीक पूड मिसळलेली असते. ती तळाशी बसली आणि बाटली न हलवता वापरली, तर मॅटसुद्धा चकाकतं. क्लिअरच्या थरावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी वरच्या पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के परततो. तेवढाच प्रकाश एका दिशेने परतला तर चकाकी दिसते, विखुरला तर पृष्ठभाग मंद वाटतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. पृष्ठभागावरचा बारीक उंचसखलपणा याच्या बराच खाली असावा लागतो. इतकी सफाई आणणार कोण? द्रवाचं पृष्ठताण. ओल्या थरावर उंचवटा असला की पृष्ठताण त्याला खाली दाबतं आणि खळग्याला वर ओढतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. थर सपाट व्हायला लागणारा वेळ दाटपणाच्या सम प्रमाणात वाढतो, हे कुणालाही पटेल. पण जाडीचा परिणाम घनाने होतो: थर दुप्पट जाड, तर सपाट होण्याचा वेग आठपट. आणि ओल्या थरावरच्या उंचवट्या-खळग्यांच्या लाटांमधल्या अंतराचा परिणाम चौथ्या घाताने होतो. समजा, १ मिलिमीटर अंतरावरच्या लाटा एका सेकंदात विरतात. मग त्याच थरात २ मिलिमीटरच्या लाटांना १६ सेकंद लागतील आणि ४ मिलिमीटरच्या लाटांना २५६ सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून जास्त. तेवढ्यात क्लिअर पातळ ठेवणारं थिनर उडून जातं, थर दाटतो आणि राहिलेल्या रुंद लाटा तशाच गोठतात. हीच ती साल. म्हणूनच तिच्यात चकाकी असते, पण प्रतिबिंब मात्र मोडकं दिसतं.

‘पातळ पातळ कोट मारा, धोका नाही’ हा सल्ला पहिल्या एक-दोन हातांपुरता ठीक आहे. शेवटचा हातही तसाच लांबून, भुरभुरता मारला तर थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभागावर कणासारखे चिकटतात. मग पृष्ठताणाला हलवायला द्रवच उरत नाही. शेवटचा हात ओलाच हवा: नोझल जवळ, हात न थांबवता, थिनर सावकाश उडणारं. उभ्या बाजूवर जाड थर ओघळतो, कारण गुरुत्वाकर्षणालाही जाडीचा तसाच फायदा मिळतो. म्हणून शक्य तो भाग आडवा धरावा.

दमट हवेत मी एकदा घाई केली आणि काळ्या बॉनेटवर दुधाळ पडदा आला. उडणारं थिनर पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं, तो दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्याखाली, थंड होतो आणि ती वाफ ओल्या थरावर पाणी होऊन बसते. हा निव्वळ हवामानाचा खेळ आहे, ‘हात लाभत नाही’ वगैरे काही नाही. आणि सेंद्रिय वाफेसाठीचा मास्क व खेळती हवा यांना पर्याय नाही. हार्डनर मिसळायच्या युरेथेन क्लिअरमधली आयसोसायनेटं नावाची रसायनं फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात.

पुढच्या वेळी कोट मारून झाला की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टपावर पडेल असं मॉडेल धरा. आधी प्रतिबिंबाची कड थरथरती, तुटक दिसेल. मग बारीक दाते विरतील आणि कड हळूहळू सरळ होत जाईल. अशा वेळी राहिलेला एखादा ठिपका बुजवायला पुन्हा एअरब्रश उचलू नका. वर डबा उपडा घाला आणि थराला त्याचं काम करू द्या.