शेतफाटके (वेस्ट बँक)

शेतफाटके : वेस्ट बँकमधील इस्रायली विभाजक कुंपणातून पॅलेस्टिनी शेतकऱ्यांना पलीकडच्या स्वतःच्या जमिनीत जाण्यासाठी ठेवलेली, लष्कराच्या ताब्यातील फाटके. आत्मघाती हल्ले रोखण्यासाठी म्हणून इस्रायलने २००२ मध्ये कुंपण घालायला सुरुवात केली. नियोजित लांबी सुमारे ७१२ किमी. इस्रायल आणि वेस्ट बँक यांमधल्या १९४९ च्या शस्त्रसंधी रेषेच्या (हरित रेषा) दुपटीहून अधिक. वेस्ट बँकमध्ये इस्रायलींनी वसवलेल्या वसाहती इस्रायलच्या बाजूला राहाव्यात म्हणून ते अनेक ठिकाणी वळवून आत नेले आहे आणि सुमारे ८५ टक्के मार्ग वेस्ट बँकमधूनच जातो. शहरी भागात हे कुंपण म्हणजे आठ मीटरपर्यंत उंच काँक्रीटची भिंत आहे, बाकी बहुतेक ठिकाणी संवेदक लावलेली तार, चर आणि गस्तीचा रस्ता. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ रोजी दिलेल्या सल्लागार मतात हा मार्ग बेकायदा ठरवला.

कुंपण आणि हरित रेषा यांमधला पट्टा ऑक्टोबर २००३ पासून टप्प्याटप्प्याने बंद लष्करी क्षेत्र जाहीर होत गेला. इस्रायली नागरिकाला तिथे परवाना लागत नाही. जमिनीच्या मालकाला लागतो. या परवान्याला, म्हणजे ‘तस्रीह’ला, मालकीचा पुरावा द्यावा लागतो आणि अडचण इथूनच सुरू होते. १९६७ पर्यंत, म्हणजे इस्रायलने ताबा घेईपर्यंत, वेस्ट बँकमधील जेमतेम एक तृतीयांश जमिनीची पक्की नोंदणी झाली होती, पुढे ती प्रक्रियाच गोठवली गेली. त्यामुळे कित्येकांकडे आजोबांच्या नावाचा कर-उतारा एवढाच कागद असतो. वारसांचे हिस्से पाडल्यावर एखाद्याच्या वाट्याला ३३० चौ. मी. (सुमारे सव्वातीन गुंठे) पेक्षा कमी जागा आली, तर तिथे ‘शेतीची गरज’ नाही असे नंतरच्या नियमांनी धरले. कुटुंब अख्खे शेत एकत्र कसत असले, तरी हिशेब हिश्श्याचाच.

ऑक्टोबर २०२३ पूर्वीच्या व्यवस्थेत फाटके तीन प्रकारची : रोजची, आठवड्यातून ठरावीक दिवशी उघडणारी आणि हंगामी. एकूण सत्तरच्या आसपास फाटकांपैकी बहुसंख्य हंगामी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या ऑलिव्ह तोडणीपुरती. रोजचे फाटकही दिवसभर उघडे नसते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी थोडा वेळ उघडते. सकाळची वेळ चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत ताटकळायचे. शेतात पोहोचल्यावर मधेच पाय मुरगळला, पाऊस आला, तरी फाटक उघडेपर्यंत परत येता येत नाही. ट्रॅक्टरची परवानगी वेगळी घ्यावी लागते; ती नसेल तर गाढव किंवा पाठ.

या वेळापत्रकाने पिकेच बदलली. काकडी-टोमॅटोला रोज पाणी आणि एक दिवसाआड तोडा लागतो, ते पलीकडे परवडत नाही. ऑलिव्ह टिकते, कारण ते दुर्लक्ष सोसते. पण किती सोसणार? वसंतातली नांगरट आणि तणकाढणी राहिली की तण झाडाची ओल पळवते, उन्हाळ्यात वाळून पेट घेते. छाटणी चुकली की फळ कमी धरते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने (ओचा) केलेल्या तुलनेत कुंपणाच्या अलीकडच्या झाडांपेक्षा पलीकडच्या झाडांचे उत्पन्न सुमारे ६० टक्के कमी भरले. तोडलेली फळे एक-दोन दिवसांत घाण्यावर जायला हवीत. गोणीत ती तापतात, तेलाची आम्लता चढते आणि भाव पडतो. म्हणून संध्याकाळी फाटकाबाहेर न आलेली गोणी हा निव्वळ उशीर नसतो, तो तोटा असतो.

शेतकरी तरीही खेटे घालतात, त्यामागे पोटाइतकेच जमिनीचेही कारण आहे. १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यात सलग तीन वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीवरचा हक्क जाऊ शकतो. इस्रायलने १९७९ नंतर याच कायद्याचा आधार घेत मोठे क्षेत्र ‘सरकारी जमीन’ ठरवले आणि त्यावर वसाहती वाढल्या.

कुंपणाच्या अलीकडेही वसाहतींना लागून असलेल्या शेतात आधी ‘तन्सीक’, म्हणजे लष्कराशी समन्वय, करून जावे लागते. नांगरटीला काही दिवस, तोडणीला काही दिवस. शेतकऱ्यांना संरक्षण देऊन शेतात जाऊ देणे हे लष्कराचे कर्तव्य आहे, असा निकाल इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. प्रत्यक्षात मिळालेल्या चार दिवसांत पंधरवड्याचे काम उरकत नाही आणि कधी शेतकरी पोहोचतो तेव्हा फळे आधीच झोडपून नेलेली किंवा झाडेच तोडलेली असतात.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर बहुतेक फाटके बंद झाली आणि समन्वय रद्द झाला, तोही ऐन तोडणीत. त्या हंगामात वेस्ट बँकमध्ये ९६,००० हून अधिक दुनम (एक दुनम म्हणजे सुमारे दहा गुंठे) ऑलिव्ह न तोडता राहिल्याची नोंद ओचाने केली.