निवडुंग व मांसल वनस्पती : कोल्हापुरातील उघड्यावरची लागवड

खोडात किंवा पानांत पाणी साठवणाऱ्या वनस्पती बारमाही उघड्यावर, कुंडीत किंवा वाफ्यात वाढवण्याची पद्धत. थंड देशांत ती बर्फ सोसणाऱ्या जातींभोवती रुजली. कोल्हापुरात प्रश्न पावसाळ्याचा आहे. झाड दगावण्याचे मुख्य कारण मात्र दोन्हीकडे एकच, मुळाशी साचलेली ओल.

निवडुंग म्हणजे वाळवंट ही समजूत अपुरी आहे. ओपुन्शिया फ्रॅजिलिस हा छोटा फड्या निवडुंग कॅनडात ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टापर्यंत आढळतो. थंडीची चाहूल लागली की त्याचे फडे पाणी टाकू लागतात, सुरकुततात आणि जमिनीलगत आडवे होतात. उरलेला रस साखरेमुळे आणि चिकट द्रव्यामुळे दाट होतो. बर्फ पेशींच्या बाहेर धरतो, त्यामुळे पेशी फुटत नाहीत. अशी तयारी झालेले झाड उणे ४० अंशांखालीही जगते. हेच झाड ओल्या चिकणमातीत असेल, तर साध्या हिवाळ्यातही बुडातून कुजते. म्हणून तिकडचे बागवान दक्षिणेकडच्या भिंतीलगत खडीचे उंच वाफे करतात आणि हिवाळाभर वर काचेचे छप्पर ठेवतात.

कोल्हापुरात हेच छप्पर मृग नक्षत्राच्या आधी चढवावे लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. हिवाळ्यात रात्रीचा पारा साधारण १२ ते १५ अंशांवर येतो आणि बर्फाचा प्रश्नच नसतो. शिवाय ही थंडी कोरडी असते, आणि निवडुंगांना विश्रांतीला तेच हवे असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी जवळजवळ तोडले, तर मॅमिलारियासारख्या जाती उन्हाळ्याच्या तोंडावर भरभरून फुलतात. हिवाळ्यात कोमेजल्यासारखे दिसते म्हणून दया येऊन पाणी घालणे, हे बऱ्याच कुंड्यांच्या मृत्यूचे कारण आहे.

जिल्ह्यात पाऊस सारखा नाही. शिरोळकडे वर्षाला ५००–६०० मिमी, शहरात हजाराच्या आसपास, तर गगनबावड्याला कित्येक हजार मिमी. शिरोळच्या अंगणात विनाछप्पर जगणारे झाड गगनबावड्यात जगेलच असे नाही. आषाढातली झड पश्चिमेकडून येते. त्यामुळे पॉलिकार्बोनेटचा पत्रा त्या बाजूला जास्त पुढे काढावा, बाकीच्या बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळले की आत दमट उष्मा होतो आणि बुरशी धरते. वळवाची एखादी सर निवडुंगांना मानवते, कारण नंतर कडक ऊन पडते. सलग आठ-दहा दिवसांची रिपरिप मात्र सोसत नाही. परतीचा पाऊस संपेपर्यंत छप्पर काढण्याची घाई करू नये.

पंचगंगाकाठची काळी माती या झाडांना चालत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. निम्म्याहून जास्त चाळलेला मुरूम व विटांचे बारीक तुकडे, थोडी जाड वाळू आणि मूठभर पूर्ण कुजलेले शेणखत, असे मिश्रण पुरते. वाफा जमिनीपासून हात-दीड हात उंच आणि खाली दगड-गोट्यांचा थर. कुंडी खापराची असावी. तिच्या अंगातून ओल निघून जाते, प्लास्टिकच्या कुंडीत ती कोंडते.

कूज ओळखायची कशी? मातीलगतचे खोड बोटाने दाबले की मऊ लागते, रंग पिवळट-तपकिरी होतो. वरचा भाग तेव्हाही टवटवीत दिसतो आणि तिथेच फसगत होते. खोड आडवे कापले की मधल्या गाभ्याभोवतीचे कडे लालसर दिसते. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने, लाली पूर्ण जाऊन गर स्वच्छ दिसेपर्यंत वर-वर चकत्या काढत जावे. उरलेला शेंडा सावलीत आठ-दहा दिवस ठेवला की कापलेल्या तोंडावर कोरडी खपली धरते. मग तो कोरड्या मुरमावर नुसता टेकवून ठेवायचा आणि मुळे फुटेपर्यंत पाणी द्यायचे नाही. अनेक जातींचे जुने झाड असे वाचते.

उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, दुपारी बारा ते चार हिरव्या जाळीची सावली लागते, विशेषतः नुकत्याच रोपवाटिकेतून आणलेल्या झाडांना. पिठ्या ढेकूण काट्यांच्या बेचक्यात आणि मुळांवर लपतो, म्हणून कुंडी बदलताना मुळे झटकून पाहावीत.

आल्प्सच्या खडकांवर वाढणारी सेम्परव्हायव्हमसारखी खरी थंडप्रिय झाडे इथे टिकत नाहीत. दमट, उबदार रात्री त्यांना मानवत नाहीत. ती मागवून पैसे घालवण्यापेक्षा घायपात, कोरफड, अडेनियम, पानफुटी, फड्या निवडुंग यांचा वाफा करावा. या फड्याची लालभडक बोंडे गोड असतात, पण त्यांवरची केसांएवढी बारीक कुसळे दगडावर घासून काढल्याशिवाय तोंडाला लावू नयेत. घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून लावले जाते तोही निवडुंगच. मूळचा झाडांवर वाढणारा, त्यामुळे त्याला सावली आणि थोडी जास्त ओल चालते.

बांधावरचा त्रिधारी निवडुंग आणि शेर मात्र निवडुंग कुळातले नाहीत, ते युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातले आहेत. कापल्यावर पांढरा चीक निघतो. तो डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून छाटताना हातमोजे व चष्मा हवाच. सह्याद्रीच्या खडकाळ माळांवरची मांसल खोडाची शिंदळमाकडी आणि कंदिलाच्या आकाराच्या फुलांची, कंदातून उगवणारी कंदीलपुष्पे हे इथले अस्सल धन. कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती जपण्याचे मोलाचे काम शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात झाले आहे. या जातींचे कंद पठारावरून उपटून आणू नयेत. शिंदळमाकडीची हवी तर एखाद्या बागेतून कांडी मिळवावी. चार दिवस वाळवून मुरमात टेकवली की ती सहज धरते.