एकच घड दोनदा तोलला तर?

जळगावकडचा एक विद्यार्थी परवा घरी आला. केळीवरचे प्रयोग संपलेले, पीएचडीसाठी शोधनिबंध वाढवायचे होते. तेच आकडे दोन नियतकालिकांत, फक्त शीर्षक बदलून, असा त्याचा बेत. "सर, डेटा माझाच आहे. मी कुणाची चोरी करतोय?"

चोरीचं राहू दे. खरी गडबड गणितात होते.

समजा, रावेरला मृग नक्षत्रात लावलेल्या एका केळीच्या बागेत २५ घड तोलले. सरासरी २४ किलो, प्रमाण विचलन (घडांची वजनं सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातात ते) ५ किलो. ही सरासरी कितपत भरवशाची, ते प्रमाण त्रुटी सांगते: विचलन भागिले घडांच्या संख्येचं वर्गमूळ. ५ भागिले ५, म्हणजे १ किलो. आता हाच प्रयोग दोनदा छापून आला आणि सगळे निबंध गोळा करून एकत्रित निष्कर्ष काढणाऱ्याला ते दोन वेगळे प्रयोग वाटले. त्याच्या लेखी घड झाले ५०. त्रुटी आली ०.७१ किलो. नवा घड एकही काट्यावर चढला नाही, तरी त्रुटी २९ टक्क्यांनी घटली! त्या वर्गमूळात एक अट दडलेली असते: प्रत्येक घड स्वतंत्र हवा, म्हणजे एकाच्या वजनावरून दुसऱ्याचं कळू नये; तेव्हाच काही भारी, काही हलके निघून तोल सावरतो. झेरॉक्स कसला तोल सावरणार?

यावलला कुणी तितक्याच घडांवर हाच प्रयोग केला, विचलन तेवढंच पण सरासरी १६ किलो आली, असं धरू. दोन्ही मिळून उत्तर २०. पण अशा एकत्रित विश्लेषणात प्रत्येक प्रयोगाला वजन, म्हणजे महत्त्व, मिळतं ते त्रुटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. रावेरचा तो वर्ग १ वरून ०.५ झाला, म्हणून त्याचं वजन दुप्पट, आणि उत्तर २१.३ किलो. म्हणजे खोटी खात्री वाढली ती वाढलीच, वर उत्तरही सरकलं.

हे कागदावरचंच नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवरचं औषध ऑन्डान्सेट्रॉन. त्यावरचे निबंध संशोधक ट्रामेर आणि सहकाऱ्यांनी तपासले आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापले. १७ टक्के निबंध आणि २८ टक्के रुग्णांची माहिती पुनरावृत्तीची निघाली. ती धरून हिशेब केला की औषधाचा गुण २३ टक्के जास्त दिसत होता. कारण ज्या चाचण्यांत औषध जास्त चांगलं ठरलं, त्याच पुन्हा छापून येण्याचं प्रमाण जास्त होतं.

"पण उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्य ८ टक्केच आलंय, सर." विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, तेव्हापासून हा आकडा पत्रिकेतल्या ३६ गुणांसारखा पुजला जातो. गुण जुळले की लग्न पक्कं! सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. वाक्यं फिरवली तर तेच २५ घड त्याच्या नजरेतून सहज निसटतात.

त्याला म्हटलं, एक निबंध दोन संपादकांकडे एकाच वेळी पाठवू नकोस. जुने आकडे पुन्हा वापरावेच लागले, तर पहिल्या निबंधाचा संदर्भ दे आणि संपादकाला पत्रातच सांग. परिषदेतल्या गोषवाऱ्याला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण तोही कळवावा.

तो जरा हिरमुसला. मग विचारलं, "गावात इंग्रजी निबंध कोण वाचणार? मराठीत दिला तर?" तो मार्ग मोकळा आहे. दोन्ही संपादकांची संमती घ्यायची, आकडे आणि निष्कर्ष बदलायचे नाहीत, आणि पहिल्याच पानावर लिहायचं: हा लेख आधी इंग्रजीत अमुक ठिकाणी प्रसिद्ध झाला आहे.