दामदुप्पट योजना

दामदुप्पट योजना : ठेवलेली रक्कम अल्प मुदतीत दुप्पट करून देण्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा करण्याचा फसवणुकीचा प्रकार. शब्दाचा प्रवास मात्र उलटा झाला आहे. ‘दामदुपट’ हा मुळात हिंदू कायद्यातला, ऋणकोला वाचवणारा नियम : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. मनुस्मृतीत (८.१५१) त्याचा आधार सापडतो, ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील न्यायालये तो मानीत. सावकाराच्या हावेला घातलेला बांध पुढे ठेवीदाराच्या हावेसाठी गळ झाला.

पैसे दुप्पट होण्यात गैर काही नाही. टपाल खात्याचे किसान विकास पत्रही दुप्पट करते, पण ७.५ टक्के दराने त्याला ११५ महिने लागतात. खोट असते ती मुदतीत. दोन वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने दरसाल सुमारे ४१ टक्के. एवढी कमाई खात्रीने होत असेल, तर तो धंदेवाला बँकेकडून स्वस्तात कर्ज काढील. आपल्या दारी कशाला येईल?

बॉस्टनमध्ये १९२० साली चार्ल्स पाँझीने ९० दिवसांत दुप्पट देऊ केले होते. त्याने सांगितलेला परदेशी टपाल कूपनांचा व्यापार असो, नाहीतर आपल्याकडचे इमूपालन, धंदा हा देखावाच. नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्याचा परतावा भागवला जातो. म्हणूनच पहिले काही हप्ते अगदी वेळेवर येतात आणि ते मिळालेला मेहुणा किंवा शेजारी मनापासून ग्वाही देतो. योजनेचा खरा प्रचारक तोच, आणि तो खोटे बोलत नसतो. पुढे तोच कमिशनवर एजंट होतो. मग योजना बुडाली तरी नात्यापायी तक्रार लांबते. साखळी पद्धतीत प्रत्येकाने पाच मेंबर जोडायचे ठरले, तर बाराव्या पायरीला २४ कोटींहून अधिक माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती.

कंपनी नोंदणीचा दाखला, जीएसटी क्रमांक, नोटरी केलेला बाँडपेपर, पुढच्या तारखांचे चेक ही कागदपत्रे भिंतीवर टांगलेली दिसतात किंवा हातात दिली जातात. यांपैकी एकही ठेवी घेण्याचा परवाना नव्हे. तो आहे की नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहता येते, आणि तक्रारही तिथेच करता येते.

अशा योजनांविरुद्ध १९७८ चा पैसे फिरवण्याच्या योजनांवरील बंदीचा कायदा, महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा (१९९९; बोलीत ‘एमपीआयडी’) आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा लागू होतात. एमपीआयडीखाली मालमत्ता जप्त होते, विशेष न्यायालयाच्या आदेशाने तिचा लिलाव होतो आणि आलेली रक्कम ठेवीदारांत प्रमाणशीर वाटली जाते. तोवर वर्षे जातात. दुप्पट दूरच, मुद्दलही सहसा पुरते हाती येत नाही.