पडद्याची १२८ बाइटची ओळख

लॅपटॉपला प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडला की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग चित्र नेमक्या मापात उमटते. तेवढ्यात लॅपटॉपने समोरच्या पडद्याकडून एक छोटी नोंद वाचून घेतलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा पाया १९९४ साली घातला गेला.

त्याआधी पडदा जवळजवळ मुका होता. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए ही मॉनिटरला चित्र पाठवण्याची पद्धत आणली, तेव्हा १५ पिनांच्या कनेक्टरमधल्या काही पिना मॉनिटर ओळखण्यासाठी ठेवल्या होत्या. कुठली पिन ग्राउंडला जोडलेली आहे आणि कुठली मोकळी, एवढ्यावरून मॉनिटर रंगीत की एकरंगी हे संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाने ताडायचे. मॉडेल मोजकी होती तोवर हे चालून गेले. पुढे अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारे मॉनिटर आणि निरनिराळ्या कंपन्यांची एसव्हीजीए, म्हणजे व्हीजीएच्या पुढची, कार्डे आली, आणि जुळवाजुळव वापरणाऱ्याच्या गळ्यात पडली. लिनक्सवर एक्सफ्री८६ हा पडद्यावर खिडक्या-चित्रे दाखवणारा प्रोग्राम चालवणाऱ्यांना माहितीपुस्तिकेतले आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे शोधून फाइलमध्ये हाताने भरावे लागत. आकडा चुकला की चित्र फाटायचे, आणि काही जुन्या सीआरटी मॉनिटरांची सर्किटे जळण्याचीही भीती असे.

एसव्हीजीएचा गोंधळ निस्तरण्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेसा या उद्योगसंघटनेने १९९४ मध्ये डीडीसी हे पडदा आणि संगणक यांच्या बोलण्याचे मानक आणले. त्याने व्हीजीएचीच १२ आणि १५ क्रमांकाची पिन घेऊन त्यांवर फिलिप्सची आय-स्क्वेअर-सी ही दोन तारांची बस चालवली. मॉनिटरमध्ये ईडीआयडीची नोंद ठेवणारी एक छोटी मेमरी चिप बसली. पुढे त्या चिपला केबलमधूनच ५ व्होल्ट मिळू लागले, त्यामुळे मॉनिटर बंद असला तरी नोंद वाचता येते. या सगळ्या रचनेतला हा मला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

नोंद अवघी १२८ बाइटची. बाइट सोळाच्या पायाच्या (हेक्साडेसिमल) आकड्यांत लिहिले तर सुरुवातीला ००, मग सहा वेळा एफएफ, पुन्हा ००. ही तिची खूण. नंतरच्या दोन बाइटांत कंपनीची तीन अक्षरे, प्रत्येकी ५ बिटांत, कोंबलेली असतात. एलजीचा मॉनिटर इथे १ई ६डी सांगतो. उलगडले की निघते जीएसएम, म्हणजे गोल्डस्टार, कंपनीचे जुने नाव! पुढे उत्पादनाचे वर्ष १९९०पासून मोजून, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंगांचे निर्देशांक आणि चालणारे रिझोल्यूशन. शेवटचा बाइट असा निवडतात की सगळ्यांच्या बेरजेला २५६ने पूर्ण भाग जावा. वाचताना गडबड झाली तर ती इथे पकडता येते.

ही काटकसर पुढे नडलीही. नोंदीच्या एका भागात रुंदी ८च्या पटीतच लिहिता येते. १३६६ हा आकडा त्यात बसत नाही, म्हणून १३६६ × ७६८च्या अनेक पडद्यांच्या यादीत १३६० दिसायचे. सविस्तर वर्णनाच्या चौकटीत रुंदी ४०९५च्या पुढे जात नाही आणि पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, ६५५.३५ मेगाहर्ट्झला थांबतो. फोर-केला १२० हर्ट्झवर साधारण ११८८ लागतात.

व्हेसाने २५६ बाइटची वेगळी दुसरी आवृत्ती काढली होती, ती रुजली नाही. टिकला तो जुन्या नोंदीला धक्का न लावता मागे नवे ब्लॉक जोडण्याचा मार्ग. २००२ च्या अखेरीस आलेल्या एचडीएमआयने तोच धरला: मागच्या ब्लॉकमध्ये टीव्ही कुठले आवाजाचे प्रकार वाजवतो हे आले, आणि ठरावीक मोडना क्रमांक मिळाले. १०८०पी, ६० हर्ट्झ म्हणजे १६. २००७ मध्ये व्हेसाने डिस्प्लेआयडी ही मोकळी रचना आणली, पण अनेक मॉनिटरांत तीही जुन्या १२८ बाइटांच्या मागेच जोडलेली असते.

खरी अडचण चित्र पाठवणारा स्रोत आणि पडदा या दोघांच्या मध्ये तिसरे उपकरण आले की होते. एकच चित्र अनेक पडद्यांना वाटणाऱ्या स्प्लिटरला एक फोर-के आणि एक १०८०पी टीव्ही जोडला, तर स्रोताला नोंद कोणाची दाखवायची? काही स्प्लिटर पहिल्या पोर्टचीच पुढे करतात. ती फोर-केची असेल तर दुसरा टीव्ही काळाच राहतो. केबल फार लांब असली तर नोंद पोहोचतच नाही आणि लॅपटॉप अंदाजाने कमी रिझोल्यूशन पाठवतो. अशा ठिकाणी ईडीआयडी इम्युलेटर कामाला येतो. तो पडद्याची नोंद साठवून ठेवतो आणि स्रोताला दर वेळी तीच वाचायला देतो.